खटका दाबण्याआधीची दोन मिनिटं

माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरी रेघ आहे. बघणाऱ्याला वाटतं करवत लागली असेल. खरं तर ती एका तळहाताएवढ्या लोखंडी पट्टीची देणगी आहे. पट्टीला एकच भोक पाडायचं होतं. एका भोकासाठी कुठे वाइस, म्हणजे वस्तू पकडायचा शिकंजा, उघडा आणि आवळा, म्हणून पट्टी डाव्या हाताने लाकडी ठोकळ्यावर दाबून धरली आणि उजव्या हाताने ड्रिल चालवलं. भोक पडत आलं, ड्रिलचं बिट, म्हणजे भोक पाडणारी फिरती सळई, अडकलं आणि पट्टी बिटाबरोबर गरकन फिरली. मी खटका सोडला तो रक्त दिसल्यावर.

गंमत अशी की त्या दिवशी डोळ्यांवर गॉगल होता, पायांत बूट होते, मशीनची वायर धड होती. सूचनांची पाटी हातात घेऊन कोणी तपासायला आलं असतं तर मी पास झालो असतो. चुकलं होतं ते मशीन सुरू होण्याच्या आधी. काही बिनसलं तर ही पट्टी कुठे जाईल आणि तेव्हा माझा हात कुठे असेल, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

घरच्या घरी ड्रिल, ग्राइंडर, सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) वापरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कारखान्यात मशीनचा गार्ड, म्हणजे फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण, काढलेला दिसला की ओरडणारं कोणीतरी असतं. घरच्या वर्कशॉपमध्ये कारागीरही आपणच आणि सुपरवायझरही आपणच, आणि दोघांनाही काम उरकायची घाई असते.

हात मागे घ्यायला वेळच नसतो

धातू कापायचा-घासायचा, हातात धरायचा चार इंची अँगल ग्राइंडर घ्या, म्हणजे 100 मिलिमीटरच्या चकतीचा. मोकळा फिरताना त्याचा वेग मिनिटाला साधारण 11,000 फेरे असतो. चकतीचा घेर 31 सेंटिमीटर. गुणाकार केला तर चकतीची कड सेकंदाला 57 मीटर पळते, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्याही वर.

आता आपलं बघू. अचानक काहीतरी झालं, ते डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं आणि हात हलला, याला चांगल्या धडधाकट माणसालाही साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात ग्राइंडरची चकती 36 वेळा फिरलेली असते. म्हणजे आपण दचकायच्या आत जे व्हायचं ते होऊन जातं. ‘मी सावध असतो, काही झालं तर पटकन हात काढून घेईन’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्या सावधपणाबद्दल मला शंका नाही, पण हिशोब त्यांच्या बाजूने नाही.

हा हिशोब ओळखूनच अमेरिकेत स्टीफन गास नावाच्या माणसाने 1999 साली टेबल सॉसाठी, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीसाठी, एक वेगळाच ब्रेक काढला. ते भौतिकशास्त्राचे डॉक्टर आणि पेशाने पेटंटचे वकील. पात्यात एक हलका विद्युत संकेत सोडलेला असतो. माणसाचं बोट टेकलं की तो संकेत बदलतो, कारण आपलं शरीर वीज वाहून नेतं आणि कोरडं लाकूड जवळजवळ नेत नाही. बदल जाणवताक्षणी अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो आणि सुमारे 5 मिलिसेकंदांत पातं जागच्या जागी थांबतं. ठोकळा गेला, बहुधा पातंही गेलं, पण बोटाला ओरखड्यावर निभावतं. असा ब्रेक घरोघरच्या मशीनवर नाही. त्यामुळे आपल्यासाठी उरतं ते एवढंच, की जे काही ठरवायचं ते खटका दाबण्याआधी ठरवायचं.

मी आता दर वेळी दोन प्रश्न विचारतो. वस्तू किंवा मशीन उसळलं तर कोणत्या दिशेला जाईल? आणि मी ज्या जोराने ढकलतोय त्याला समोरून मिळणारा अडसर अचानक नाहीसा झाला तर माझा हात कुठे जाऊन आदळेल? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच कोणी विचारत नाही. लाकूड पुढे सरकत नाही म्हणून आपण जोर लावतो, लाकूड एकदम सुटतं, आणि तो सगळा जोर घेऊन हात सरळ पात्यावर जातो. पातं बोटांकडे येत नाही, बोटंच पात्याकडे जातात.

पट्टी फिरली कशी

पत्र्यात किंवा पट्टीत बिट शिरत असतं तेव्हा त्याचं टोक धातू खरवडत असतं आणि सगळं शांतपणे चालतं. खोड्या सुरू होतात बिट पलीकडे बाहेर पडताना. टोक पार झालेलं असतं, भोकाच्या तळाशी धातूची पातळ, फाटकी कड उरलेली असते. ही कड बिटाच्या नागमोडी खाचांत अडकते. खाचा स्क्रूच्या आट्यांसारख्याच असल्यामुळे बिट स्वतःच खाली ओढलं जातं, पेलणार नाही इतका धातू एकदम चावायला बघतं आणि अडकतं. मोटर मात्र फिरतच असते. मग जे सैल असेल ते फिरतं. वस्तू सैल असेल तर वस्तू, वस्तू पक्की असेल तर हातातलं ड्रिल. जाड बिट आणि ताकदवान ड्रिल असेल तर मनगट मुरगळायला तेवढं पुरतं. मोठ्या ड्रिलबरोबर बाजूचा जो जास्तीचा दांडा येतो तो यासाठीच असतो. बहुतेकांकडे तो डब्यातच पडून असतो.

उपाय साधे आहेत. वस्तू वाइसमध्ये किंवा दोन क्लॅम्पनी आवळा. खाली लाकडाचा तुकडा घ्या, म्हणजे बिट बाहेर पडताना त्याला हवेऐवजी लाकूड मिळतं आणि कड फाटत नाही. भोक पडत आलंय हे आवाजावरून आणि हाताला कळतं, तिथे जोर कमी करा. मोठं भोक असेल तर आधी बारीक बिट, मग जाड. टेबलावरच्या उभ्या ड्रिलवर लांब पट्टी असेल तर तिचा लांब भाग आपल्या डाव्या हाताला ठेवा. बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, त्यामुळे सुटलेली पट्टी मागे जाऊन मशीनच्या खांबावर आदळते. उजवीकडे लांब ठेवलीत तर तीच पट्टी आपल्या पोटाकडे येते.

चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याची, चावी चकमध्ये विसरून खटका दाबला तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. काही लोक ती चावी वायरच्या प्लगजवळ बांधून ठेवतात. चावी वापरायची तर प्लग काढावाच लागतो, अशी ती युक्ती. मला ती फार आवडते, कारण तिच्यात लक्षात ठेवण्यासारखं काही उरतच नाही.

हातमोज्यांचा घोळ

सुरक्षितता म्हटलं की लोक आधी हातमोजे घेतात. गरम पत्रा उचलायला, धारदार कडा हाताळायला ते हवेतच. पण उभं ड्रिल, लेथ, टेबल सॉ, बेंच ग्राइंडर (टेबलावर पक्का बसवलेला, फिरत्या दगडाचा) यांवर काम करताना हातमोजे काढून ठेवा. फिरत्या बिटाला कातडी घासली तर खरचटतं, कापतं, आणि हात सुटतो. मोज्याचा धागा गुंतला तर हात सुटत नाही. कापड बिटाभोवती गुंडाळत जातं आणि बोटं त्याच्या मागोमाग. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, अंगठी, बांगडी, घड्याळ यांचंही तेच. अंगठी तर सगळ्यात वाईट, कारण ती अडकली की बोटावरची कातडी मोज्यासारखी सोलून निघू शकते. हातात धरलेल्या अँगल ग्राइंडरचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे ठिणग्या आणि गरम तुकडे असतात आणि दोन्ही हात मशीनच्या दांड्यांवर असतात, म्हणून अंगासरशी बसणारे चामड्याचे मोजे चालतात.

ग्राइंडर

घरच्या वर्कशॉपमधलं सगळ्यात घातक मशीन कोणतं असं विचारलं तर मी न थांबता अँगल ग्राइंडरकडे बोट दाखवीन. टेबल सॉची धास्ती वाटते म्हणून माणूस जपून वागतो. ग्राइंडर लहान, हलका, हातात मावणारा, म्हणून त्याच्याशी लोक सलगी करतात.

चकतीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. कापायच्या आणि घासायच्या बहुतेक चकत्यांवर 80 मीटर प्रतिसेकंद ही कमाल मर्यादा छापलेली असते आणि शेजारी तिचे कमाल फेरे. 100 मिलिमीटरच्या चकतीला ते मिनिटाला साधारण 15,300 भरतात, म्हणजे 11,000 फेऱ्यांच्या मशीनवर ती आरामात चालते. 180 मिलिमीटरच्या चकतीला मात्र फक्त 8,500 फेरे चालतात. कोणीतरी मोठं कापायचं म्हणून गार्ड काढतो आणि छोट्या मशीनवर ही मोठी चकती चढवतो. वेग मर्यादेच्या 1.3 पट होतो. चकती फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ 1.7 पट. आणि चकती फुटलीच तर तुकडे अडवणारा गार्ड आधीच काढलेला असतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर एक महिना आणि साल कोरलेलं असतं. ती तिची मुदत. या चकत्या राळेने बांधलेल्या असतात आणि राळ ओलाव्याने, काळाने कमकुवत होते, म्हणून बनवल्यापासून तीन वर्षांची मुदत देतात. माळ्यावर सापडलेली जुनी चकती नवीकोरी दिसली तरी टाकून द्या. खाली पडलेलीही. नवी चकती बसवली की ती माणसं नसलेल्या दिशेला धरून, स्वतः तिच्या रेषेतून बाजूला राहून, मिनिटभर मोकळी फिरवायची. तडा असेल तर बहुधा तेवढ्यात कळतं.

कापायची चकती एक-दीड मिलिमीटर जाडीची असते. कडेवरचा जोर ती पेलते, बाजूने आलेला पेलत नाही. कापून झालं की त्याच चकतीच्या पोटाने बूर, म्हणजे कापलेल्या कडेची खरबरीत किनार, घासून काढणारे हात मी पाहिले आहेत. माझेही त्यात होते.

आता उसळीबद्दल, म्हणजे ज्याला किकबॅक म्हणतात त्याबद्दल. एक पाइप दोन स्टुलांवर आडवा ठेवा आणि मधोमध कापायला लागा. वरून कापत खाली जाल तसा पाइप स्वतःच्या वजनाने मध्ये वाकतो. वाकला की वरची खाच मिटायला लागते आणि चकती चिमट्यात सापडते. ताशी 200 किलोमीटरने पळणारी कड अडली की तो जोर मशीन उलट फेकण्यात जातो आणि ग्राइंडर तुमच्या तोंडाकडे किंवा मांडीकडे झेप घेतो. आता तोच पाइप एका टोकाला वाइसमध्ये घट्ट धरा, कापायचा तुकडा बाहेर अधांतरी ठेवा आणि वाइसच्या जवळ कापा. आता तुकडा खाली झुकतो तशी खाच उघडत जाते, आणि शेवटी तुकडा आपला आपण खाली पडतो. पाइप तोच, मशीनही तेच. आधार बदलला आणि धोका जवळजवळ गेला. कापण्याआधी मनात एवढंच बघायचं, की कापत गेल्यावर ही खाच उघडेल की मिटेल. हातात धरायच्या सर्क्युलर सॉला, झाडाच्या फांदीला आणि प्लायवूडच्या शीटलाही हाच नियम लागू पडतो.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगतो. लाकूड कापायला ग्राइंडरवर दात असलेलं गोल पातं किंवा साखळीची चकती लावू नका. बाजारात मिळतात म्हणून ती ठीक आहेत असं होत नाही. ग्राइंडरचा वेग जास्त, पकड अरुंद, गार्ड अपुरा, आणि दात लाकडात रुतला की उसळी जबरदस्त. सर्क्युलर सॉ याच कामासाठी केलेली आहे, ती वापरा किंवा हातकरवत घ्या.

बेंच ग्राइंडरबद्दल थोडक्यात. वस्तू टेकवायची जागा आणि दगड यांतली फट 3 मिलिमीटरहून जास्त नको. जास्त असली तर वस्तू त्या फटीत ओढली जाते आणि बोटंही सोबत जातात. दगड झिजेल तशी टेकण पुढे सरकवायची. साध्या दगडावर अ‍ॅल्युमिनियम घासू नका. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड कापायचा थांबतो, तापतो आणि फुटू शकतो.

टेबल सॉ

टेबलाच्या वर आलेल्या पात्याचे पुढचे दात खाली जात असतात, ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात वर येत असतात. सगळी भानगड या मागच्या दातांची. कापलेलं लाकूड कुठल्याही कारणाने त्यांना टेकलं की ते त्याला उचलतात आणि पात्यावरून तुमच्या दिशेने भिरकावतात. दहा इंची पात्याचा वेग मिनिटाला 4,000 फेरे धरला तर दातांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास येतो. फळी त्याच्या जवळपासच्या वेगाने निघते.

लाकूड मागच्या दातांना का टेकतं? कधी फळीत वाढतानाचा किंवा सुकतानाचा ताण साठलेला असतो, कापल्यावर तो सुटतो आणि दोन्ही भाग एकमेकांकडे मिटतात. कधी फळी फेन्सपासून, म्हणजे जिला टेकवून फळी सरकवतात त्या बाजूच्या सरळ पट्टीपासून, थोडी वाकडी होते. कधी सुटा तुकडा फेन्स आणि पातं यांच्यात अडकतो. पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पातळ धातूची पट्टी, रायव्हिंग नाइफ, एवढंच काम करते. ती खाच मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांपासून दूर ठेवते. ‘मध्ये येते’ म्हणून लोक सगळ्यात आधी काढतात तीही हीच.

फेन्स किंवा कोनाचा गेज (फळी ठरावीक कोनात धरून पुढे सरकवायचा आधार) यांपैकी एकाचा आधार असल्याशिवाय फळी ढकलू नका, नुसत्या हाताने तर नाहीच. आरपार कापताना दोन्ही एकदम वापरू नका, कारण तेव्हाच सुटा तुकडा मध्ये अडकतो. पातं लाकडाच्या थोडंसंच वर ठेवा. स्वतः पात्याच्या रेषेत उभे राहू नका. हात पात्यापासून वीतभर अंतरावर आला की ढकलायची काठी घ्या, आणि ती आधीच हाताशी ठेवलेली असू द्या. काम अर्धं झाल्यावर काठी शोधायला वळणारा माणूस बहुधा काठीशिवायच काम पुरं करतो. पात्याशेजारी पडलेला छोटा तुकडा बोटाने उडवायचा मोह होतो. मशीन बंद करा, पातं पूर्ण थांबेपर्यंत नुसते उभे राहा. ते दहा-पंधरा सेकंद फार मोठे वाटतात.

वीज

घरातल्या एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर, लोकांचा फार विश्वास असतो. तो माणसासाठी नसतोच, वायरसाठी असतो. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरच्या वर प्रवाह गेल्यावर वायर जळू नये म्हणून पडतो. माणसाला 10 मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आवळून हात सुटेनासा होऊ शकतो आणि 30 मिलिअँपिअरच्या पुढे जिवाला धोका सुरू होतो. म्हणजे एमसीबीच्या आकड्याचा पाचशेवा हिस्सासुद्धा आपल्याला जड जातो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

ते काम आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतोय का, एवढंच तो बघत बसलेला असतो. 30 मिलिअँपिअरची गळती झाली, म्हणजे काही प्रवाह कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललाय असं दिसलं, की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. वर्कशॉपच्या लाइनवर तो नसेल तर पुढचं मशीन घेण्याआधी तो बसवा. त्यावरचं चाचणीचं बटण अधूनमधून दाबून बघा. त्याचीही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच दिसतो आणि तो पडत नाही.

मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे आणि त्याला अर्थिंगची पिन लागत नाही. ज्याला तीन पिना आहेत त्याची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालणं म्हणजे मशीनच्या धातूच्या अंगाचा सुरक्षित रस्ता बंद करून आपलं अंग पुढे करणं. गुंडाळलेल्या एक्स्टेंशनच्या रिळावर जड मशीन चालवायचं असेल तर वायर पूर्ण उलगडा. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आतलं प्लास्टिक वितळतं.

आणि वीज गेली तर? मशीनचा खटका लॉक करून ठेवलेला असेल, आपण वैतागून बाहेर गेलो, मागाहून वीज आली, तर टेबलावरचा ग्राइंडर एकटाच सुरू होतो. वीज गेली की आधी खटका सोडवा, मग प्लग काढा, मग वैतागा. बॅटरीच्या मशीनला वायर नसल्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं. पातं बदलताना त्याची बॅटरीही बाहेर काढायची असते.

जे लगेच दुखत नाही

कापलं तर निदान कळतं. कान आणि फुप्फुसं गुपचूप जातात. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. त्या हिशोबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. सर्क्युलर सॉ आणि ग्राइंडर सहज तिथवर जातात. इअरप्लग खिशात मावतात.

लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. खाली पडलेला भुसा त्रासदायक नाही, हवेत तरंगणारी न दिसणारी धूळ नाकात जाते. म्हणून मास्क काम संपल्यावर लगेच काढू नका, आणि झाडू मारण्याऐवजी व्हॅक्यूम वापरा. फरशी, काँक्रीट, ग्रॅनाइट कापताना निघणारी सिलिकाची धूळ त्याहून वाईट. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी टाकून कापा, पण त्याच कामासाठी बनवलेल्या मशीननेच, साध्या ग्राइंडरवर पाणी ओतून नव्हे. तोंडावर एन95 किंवा त्याहून वरचा मास्क हवा. रुमाल बांधून या धुळीला काहीही फरक पडत नाही.

डोळ्यांचं एकच सांगतो. रोजचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, ठिणग्या बाजूने येतात. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळू नका आणि ‘उद्या बघू’ म्हणू नका. कण बुबुळावर रुतून काही तासांत गंज धरू लागतो.

आगीबद्दल फारसं बोललं जात नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि भुशाच्या ढिगात घुसून धुमसत राहतात. काम संपल्यावर अर्धा तास तरी तिथेच आवराआवर करा, कुलूप लावून निघून जाऊ नका. लाकडाला अळशीचं तेल लावून झाल्यावर त्याची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकतं आणि सुकताना तापतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि कोणी काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात टाका.

आणि तरीही झालं तर

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. थांबलं का बघायला दर मिनिटाला उचलू नका. काही रुतलं असेल तर ओढून काढू नका. कोणाला शॉक लागलेला दिसला तर आधी मेन बंद करा, मग त्याला हात लावा. बोट तुटलंच तर ते तुटकं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून सोबत न्या. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात आणि सर्जनला जोडायला काही उरत नाही.

माझ्या अंगठ्याच्या वेळी प्रथमोपचाराची पेटी होती. कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, दोन खिट्ट्यांच्या घट्ट झाकणाची. उजव्या हाताने डावा अंगठा दाबून धरलेला, आणि पेटी उघडायला दोन हात लागणार. शेवटी दातांनी उघडली. तुमची पेटी कुठे आहे ते बघा, आणि एक हात खिशात घालून ती उघडते का तेही आजच बघा.